चिनी रेशमी बुद्धपट: ड्रायक्लीनला देण्याआधी एवढं बघा

तुम्ही लिहिलंय की आजोबांनी हाँगकाँगहून आणलेला बुद्धाचा रेशमी पट माळ्यावर सापडला, खाली आठ चिन्हं आहेत, डाग पडलेत, आणि ड्रायक्लीनला द्यायचाय. कृपा करून देऊ नका. ओळखीच्या एका घरातला असाच पट धुऊन आला तेव्हा लाल रंग बुद्धाच्या चेहऱ्यावर उतरला होता. तो परत निघत नाही.

आधी तो विणलेला की भरतकामाचा, हे ठरवा. दोघांनी खालून आधार देऊन पट खिडकीच्या उजेडासमोर धरा. एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे बारीक उभ्या फटी दिसल्या, तर ती बहुधा ‘केसी’ विणाई. तिच्यात उभे धागे अखंड असतात, आडवा रंगीत धागा आपल्या रंगापुरता जाऊन मागे वळतो. पैठणीच्या पदरावरचा मोरही असाच रंगारंगाच्या कांड्यांनी विणतात, फक्त तिथे शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवतात, म्हणून फट राहत नाही. भुवया, पाकळ्यांच्या रेषा कुंचल्याने काढलेल्या असतील, तर काम बहुधा चीनच्या छिंग राजवटीच्या (1644–1912) उत्तरार्धातलं.

भरतकाम असेल तर जरीचा धागा भिंगाखाली बघा. जुन्या चिनी कामात सोनेरी वर्खाच्या कागदाची पट्टी रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली असते. असे दोन-दोन धागे शेजारी ठेवून वरून बारीक टाके घालतात. कागदच तो, पाणी लागलं की सुटतो. भडक जांभळा दिसला तर रंग रासायनिक असू शकतो, आणि तसे रंग 1856 नंतरचेच.

चक्र, शंख, छत्र, कमळ, कलश, मासे, अनंतगाठ ही अष्टमंगलातली, म्हणजे बौद्धांच्या आठ शुभचिन्हांतली चिन्हं चिनी मातीच्या भांड्यांवरही सर्रास दिसतात. त्यांवरून वय ठरवू नका.

या कलेची उंची बघायची तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं यमांतक या उग्र बौद्ध देवतेचं मंडल बघा. साधारण 1330–32 सालचं, केसीतच विणलेलं, आणि खालच्या कोपऱ्यांत चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल युआन घराण्याचा सम्राट तुघ तेमूर, त्याचा भाऊ आणि दोघांच्या राण्या. माणसांचे चेहरे धाग्याने विणलेत, मला अजून नवल वाटतं! वायव्य चीनमधल्या डुनहुआंगच्या गुहेतून पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने 1907 साली मिळवलेल्या बौद्ध रेशमी पटांचा एक वाटा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, कारण त्या मोहिमेचा काही खर्च तेव्हाच्या ब्रिटिश भारत सरकारने उचलला होता.

तुमच्या पटाचं काय करायचं ते ठरेपर्यंत तो घडी करून ठेवू नका, घडीवरच रेशीम तुटतं. आम्लरहित कागद लावून जाड नळीवर गुंडाळा, उन्हापासून लांब ठेवा. मागच्या बाजूचा आणि बुद्धाच्या हाताचा जवळून काढलेला फोटो टाका, मग पुढचं सांगतो.