आंबट बंद आणि व्हिटॅमिन सीची कॅप्सूल चालू

"मॅडम, अँटिऑक्सिडंटने संधिवात जातो का? जात असेल तर त्या जड गोळ्या बंद करते." हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, कधी पेशंट विचारतो, कधी त्याची सून. मी आहार समुपदेशक आहे, गोळ्या चालू-बंद करणं माझं काम नाही, पण गोळ्या का बंद झाल्या हे मात्र बरेचदा माझ्यासमोरच बाहेर येतं.

तासगावकडच्या एका काकूंचं सांगते (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात). घरची द्राक्षबाग, वय पन्नाशीच्या पुढे, आमवात म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिस. सकाळी उठलं की तासभर मूठ वळायची नाही, भाकरी थापणं तर सोडूनच द्या. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट चालू केलं होतं, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, सोबत फोलिक अ‍ॅसिड. चांगलं चाललं होतं, आणि मग पुतण्याने मोबाईलवर बघून सांगितलं की काकू ही तर कॅन्सरची गोळी आहे. झालं! काकूंनी कुणाला न सांगता गोळी बंद केली आणि जावेच्या ओळखीतल्या बाईंकडून अँटिऑक्सिडंटच्या महागड्या बाटल्या घेतल्या. थोड्याच दिवसात बोटं पुन्हा सुजली, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं, आणि मग डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मी आधी जेवणाचं विचारलं. काकू म्हणाल्या, "आंबट सगळं बंद केलंय ताई, सांध्यात धरतं ना." म्हणजे काय काय बंद? तर लिंबू, टोमॅटो, आवळा, कोकम, पेरू, आणि घरची द्राक्षंसुद्धा! मग बाटली बघितली, लेबलवर पहिलंच नाव व्हिटॅमिन सी, त्याखाली द्राक्षाच्या बियांचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, मिरी घातलेला हळदीचा अर्क, व्हिटॅमिन ई. जे ताटातून काढलं तेच पैसे मोजून बाटलीत घेतलं होतं, आणि हे दाखवल्यावर काकू स्वतःच हसायला लागल्या.

आंबट खाल्ल्याने आमवात वाढतो असं काही सिद्ध झालेलं नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खरंच बाधत असेल तर तेवढा थोडे दिवस सोडून बघावा, पण सरसकट सगळं आंबट सोडलं तर व्हिटॅमिन सी कुठून मिळणार? बाईला दिवसाला साधारण ६५ मिलिग्रॅम पुरतं, एका मध्यम पेरूतच त्याहून जास्त असतं. (युरिक अ‍ॅसिडचा त्रास हा वेगळा आजार आहे, त्याचं पथ्य याला लावू नका.)

आता अँटिऑक्सिडंटचं खरं काम काय? आमवातात आपलीच इम्यून सिस्टिम सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, तिथे जमलेल्या पेशी फ्री रॅडिकल्स सोडतात, त्याने अस्तराला इजा होते आणि सूज आणखी पेटत राहते. अँटिऑक्सिडंट या ठिणग्या विझवतात. पण सरपण घालणारा हात इम्यून सिस्टिमचा असतो, तो मेथोट्रेक्सेटसारखी औषधंच आवरतात, कितीही आवळे खाल्ले तरी तो हात थांबत नाही. म्हणून फायदा होऊ शकतो, पण जोडीला म्हणून, आणि थोडाच.

हळदीचं म्हणाल तर थायलंडमधल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याच्या झिजेवर रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीच्या बरोबरीने चालला होता, पण तो ४ आठवड्यांचाच होता आणि झिजेचा होता, आमवाताचा नाही. आणि आपल्या हळदीत, मग ती सांगलीची का असेना, करक्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य कामाचा घटक, साधारण ३ टक्के. म्हणजे भाजीतल्या हळदीला औषध समजू नका, भाजीत घालायची ती घालाच.

मला खरी काळजी बाटलीची होती. मेथोट्रेक्सेटचा लिव्हरवर ताण येऊ शकतो म्हणून ठराविक काळाने रक्त तपासतात, आणि हळदीचा अर्क किंवा ग्रीन टीचा अर्क असलेल्या कॅप्सूलमुळेही काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दोन्ही एकत्र घेणं आणि डॉक्टरांना न सांगणं हे मला अजिबात पटत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तर व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसपासून लांबच राहा. "नॅचरल आहे, अपाय नाही" म्हणणाऱ्यांना मी फिनलंडचं सांगते, तिथे सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या आणि फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, हा निकाल १९९४ चा आहे. गाजर खाल्ल्याने कुणाला असं झालेलं नाही बरं!

राहिली "कॅन्सरची गोळी". काकूंची सगळी भीती इथेच अडकली होती, बाटल्या नंतर आल्या. हेच औषध कॅन्सरमध्ये फार मोठ्या डोसमध्ये देतात, आमवातात साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्याला. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर मात्र जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवायला सांगितलं. काकूंनी बुधवार निवडला. भीती मनात ठेवून गोळी घेतली तर ती पुन्हा बंद होते, म्हणून हे सगळं मी पुतण्याला समोर बसवूनच सांगितलं.

जेवणात फार काही बदललं नाही. सकाळी एक आवळा किंवा पेरू, आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी, भाकरीबरोबर जवसाची चटणी (काकू माळकरी आहेत, नाहीतर बांगडा सांगितला असता, सूज कमी करायला त्यातलं ओमेगा-३ जवसापेक्षा जास्त कामाला येतं), सीझनला घरची द्राक्षं. बेकरीचं आणि तळलेलं कमी. बाटली डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ती बंद केली.

काही महिन्यांनी काकू आल्या तेव्हा मूठ वळत होती, सीआरपी खाली आलं होतं. "आवळ्याने झालं का हो?" मी म्हटलं काकू, मोठा वाटा बुधवारच्या गोळीचा, आवळा चालू ठेवा. त्या म्हणाल्या ठीक आहे, पण न फोडलेल्या दोन बाटल्या ती बाई परत घेत नाहीये आणि त्यावरून जावेशी बोलणं बंद आहे, त्यावर काही सांगता येईल का.