रिपोर्ट नॉर्मल, तरी फायब्रोस्कॅन कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत, ९ वर्षांपासून डायबिटीस आहे. वजन ८२ किलो. पोट फुगतं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ आलं. ते माळकरी, दारूला कधी शिवले नाहीत, तरी लोक संशयाने बघतात. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी ३८, एसजीपीटी ३४, प्लेटलेट १ लाख ६० हजार, सगळं नॉर्मल. शेजारी म्हणतात, सोडून द्या; भाची म्हणते, फायब्रोस्कॅन करा. काय करू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, भाचीचं ऐका. फायब्रोस्कॅन म्हणजे लिव्हर किती कडक झालंय हे मोजणारी तपासणी.

आधी दारूचं. टाइप टू डायबिटीसमध्ये इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. मग पोटावरची चरबी रक्तात सुटत राहते, लिव्हरमध्ये साठते, शिवाय जास्तीच्या साखरेपासून लिव्हर स्वतःही चरबी तयार करतं. एक थेंब न पिणाऱ्यालाही हे होतं. संशय घेणाऱ्यांना हे खुशाल वाचून दाखवा.

मी परळला रोज असे सोनोग्राफी रिपोर्ट लिहिते. चरबी असलेलं लिव्हर पडद्यावर किडनीपेक्षा जास्त पांढरं दिसतं, त्यावरून आम्ही ग्रेड देतो. तो नजरेचा अंदाज असतो, आणि तो फक्त चरबीचा. खरी काळजी लिव्हरमध्ये धरणाऱ्या व्रणांची, म्हणजे फायब्रोसिसची. सुरुवातीचे व्रण साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. एसजीपीटी नॉर्मल असतानाही ते असू शकतात.

तुम्ही आकडे पाठवलेत हे फार बरं झालं. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे २०५२. त्याला १६० (प्लेटलेट, हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ ५.८३, म्हणजे सुमारे ९३३ ने भागा. उत्तर २.२. याला फिब-४ म्हणतात, व्रणांची शक्यता किती याचा हा अंदाज. १.३ च्या खाली असतं तर मी थांबा म्हटलं असतं, २.६७ च्या वर असतं तर थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. मिस्टर मधे आहेत. वेगवेगळे पाहिले तर सगळे आकडे नॉर्मल, एकत्र मांडले की तपासायला सांगतात. म्हणून फायब्रोस्कॅन.

त्यात सुई नाही, रेडिएशन नाही. उजव्या बरगड्यांच्या मधे प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) टेकवून हलके धक्के देतात. व्रण वाढले की लिव्हर कडक होतं. कडक लिव्हरमधून लहर जास्त वेगाने जाते, तो वेग मोजून मशीन कडकपणा सांगतं. १० रीडिंग, पाच-दहा मिनिटांत काम होतं. पोट सुटलेलं असेल तर ‘एक्सएल प्रोब (जाड शरीरासाठीचा) आहे का’ हे फोनवरच विचारा.

रिपोर्टमध्ये किलोपास्कलचा, म्हणजे कडकपणाचा आकडा बघा. ८ च्या खाली आला तर मोठे व्रण असण्याची शक्यता फार कमी. वर्ष-दोन वर्षांनी फिब-४ पुन्हा करायचं. ८ किंवा जास्त आला तर हेपॅटॉलॉजिस्टना, म्हणजे लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायचं, १२ च्या वर असेल तर अजिबात न रेंगाळता. आकडा काहीही येवो, सहा ते आठ किलो वजन हळूहळू उतरवायला आत्ताच लागा. त्याने लिव्हरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात.

तपासणीआधी ३ तास उपाशी राहावं लागतं. त्या दिवशी डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून घ्या. सकाळची पहिली वेळ मागा आणि डबा सोबत न्या, म्हणजे तपासणी झाल्या झाल्या त्यांना तिथेच खाता येईल.