कँडिरू मासा लघवीच्या वासाने खरोखर माणसाच्या मूत्रमार्गात शिरतो का?

माझे उत्तर नाही असे आहे, कारण असे घडल्याचा निर्विवाद पुरावा आजवर मिळालेला नाही. कार्ल फॉन मार्टियस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये ही गोष्ट लिहिली ती अ‍ॅमेझॉनच्या स्थानिक लोकांकडून ऐकून. त्यांनी स्वतः तसे काही पाहिले नव्हते. पुढच्या प्रवासवर्णनांतही बहुतेक ठिकाणी हीच ऐकीव माहिती फिरत राहिली.

आपल्याकडचे शिंगाळा आणि मांगूर ज्या गणात मोडतात, त्याच गणातला हा बारीक, जवळजवळ पारदर्शक मासा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत राहतो आणि मोठ्या माशांच्या रक्तावर जगतो. श्वासासाठी मोठ्या माशाच्या कल्ल्यांवरचे झाकण उघडले की तो त्या फटीतून आत घुसतो, स्वतःच्या कल्ल्यांजवळचे मागे वळलेले काटे रुतवून घट्ट धरतो आणि तिथल्या मुख्य रक्तवाहिनीला चावा घेतो. मला यातली सर्वांत विलक्षण बाब ही वाटते की त्याला रक्त शोषावे लागत नाही. यजमान माशाच्या रक्तदाबानेच ते त्याच्या पोटात उतरते. दोन-अडीच मिनिटांच्या आतच तो पोट तट्ट फुगवून बाहेर पडतो.

लघवीच्या वासाचे म्हणाल, तर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत संशोधकांनी या माशांसमोर अमोनियासह अनेक रसायने ठेवून पाहिली, तेव्हा मासे त्यांच्याकडे आकर्षित झाले नाहीत. भक्ष्य शोधताना ते मुख्यतः नजरेवर विसंबतात असे दिसले. १९९७ मध्ये ब्राझीलमधील इताकोआतियारा येथे एका माणसाच्या मूत्रमार्गातून असा मासा काढल्याचा दावा झाला, आणि आजही पुरावा म्हणून तोच पुढे केला जातो. तो मासा १३४ मिलिमीटर लांब आणि डोक्याशी ११.५ मिलिमीटर जाड होता. एवढ्या जाडीचा मासा त्या अरुंद मार्गात सहज शिरणे मला पटत नाही, आणि पाण्याबाहेर पडणाऱ्या लघवीच्या धारेतून तो वर चढला हे रुग्णाचे म्हणणे तर पदार्थविज्ञानाच्या नियमांत बसत नाही.

त्या नद्यांत उतरणार असाल, तर काळजी घ्या ती वाळूत दडून बसणाऱ्या गोड्या पाण्यातल्या पाकटाची. त्याच्या शेपटीच्या विषारी काट्याने जखमी होणारे लोक खरोखर आहेत, म्हणूनच उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता तळाशी घासत चालावे.