ऑफिसातल्या आयटी सपोर्टवाल्यांवरची ‘द आयटी क्राउड’ ही ब्रिटिश मालिका बघण्यासारखी आहे का?

आहे, आणि तुम्ही स्वतः सपोर्टमध्ये असाल तर जरा जास्तच. २००६ मध्ये चॅनल ४ वर सुरू झाली. चार सीझन, प्रत्येकी सहा भाग, वर २०१३ चा एक विशेष भाग. दोन सुट्ट्यांत उरकते.

लंडनमधल्या चकाचक कंपनीच्या तळघरात रॉय आणि मॉस बसतात. फोन वाजला की रॉयचा ठरलेला प्रश्न: बंद करून परत चालू करून पाहिलंत का? त्यांची बॉस जेन हिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये हे दोघे तिच्या हातात दिवा लुकलुकणारी एक काळी डबी देतात आणि सांगतात, हेच इंटरनेट! बाई ते भर सभेत दाखवायला नेते. पुढचं सांगत नाही.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो मॉस. ऑफिसात आग लागते, तर हा शांतपणे अग्निशमन दलाला ईमेल लिहायला बसतो, वर मजकूर फार औपचारिक झाला म्हणून खोडतो. रिचर्ड आयोआडीचा तो मख्ख चेहरा! या भूमिकेसाठी त्याला २०१४ मध्ये बाफ्टा हा मानाचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला.

पहिले एक-दोन भाग थोडे आरडाओरड्याचे वाटतील, मागे प्रेक्षकांचं हसूही आहे. तांत्रिक अचूकता शोधू नका. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, नाटकाच्या सहलीचा, तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.