व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा: जावं की नाही?

प्रश्न: नमस्कार. आमची मुलगी व्हिएन्नात शिकते, जूनमध्ये मी आणि मिस्टर दहा दिवस तिच्याकडे जातोय. मधले दोन दिवस रिकामे आहेत. ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे म्हणून मला बघायचंय, पण मुलगी म्हणते, आई तिथं काहीच नाही, अर्ध्या दिवसात संपतं, त्यापेक्षा प्राग करा. मिस्टरांचे गुडघे दुखतात, आम्ही दोघंही शाकाहारी. काय करू?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर: ताई, ब्रातिस्लाव्हालाच जा. आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं नका करू, एक रात्र राहा.

प्राग सुंदरच आहे, पण रेल्वेनं एका बाजूचे चार तास, म्हणजे दोन दिवसांतले आठ तास गाडीतच जातील. ते पुढच्या वेळी, निवांत.

आता "तिथं काहीच नाही" याबद्दल. आपल्या नागपूरबद्दल हे किती जणांकडून ऐकलंय आपण! पाहुणे येतात, दीक्षाभूमी, फुटाळा, झीरो माईल झालं की विचारतात आता काय, आणि १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं हे त्यांच्या गावीही नसते. ब्रातिस्लाव्हाचं तसंच आहे बघा. तुर्कांनी बुडा (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) घेतलं तेव्हा हंगेरीची राजधानी इथं आली, १५६३ ते १८३० राज्याभिषेक इथल्याच सेंट मार्टिन चर्चमध्ये झाले, व्हिएन्नाच्या राणीचा, मारिया थेरेसाचा, १७४१ मध्ये. व्हिएन्नात तुम्ही तिचे महाल बघालच, पण हंगेरीचा मुकुट तिच्या डोक्यावर चढला तो इथं. मिरवणुकीचा रस्ता दाखवायला फरशीत छोटे पितळी मुकुट बसवलेत, ते शोधत शोधत चालायचं, मला तर त्यातच सगळ्यात मजा आली. मग राजधानी परत बुडाला गेली, आणि १९९३ मध्ये स्लोव्हाकिया वेगळा देश झाला तेव्हा हे गाव पुन्हा राजधानी झालं.

चर्चला अगदी खेटून मोठा रस्ता जातो, तो १९७२ च्या पुलाचा. त्या पुलासाठी जुनी ज्यू वस्ती पाडली, सिनॅगॉगसकट, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळासकट. पुलावर ९५ मीटर उंचीवर बशीसारखं रेस्टॉरंट आहे, लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको, पण वरून नदी बघताना खाली काय होतं ते आठवा जरा.

व्हिएन्नासारखी म्युझियम्स शोधाल तर निराश व्हाल, हे मात्र आधीच सांगते. इथं जुन्या गल्ल्यांत हिंडायचं, निळं चर्च बघायचं, संध्याकाळी डॅन्यूबच्या काठी बसायचं. दिवसभराचे टूरवाले परत गेले की गल्ल्या शांत होतात, रात्र राहा म्हणते ते त्याच्यासाठीच. जुनं शहर सपाट आहे पण फरशी दगडी, मिस्टरांना चांगले बूट घालायला सांगा. किल्ल्याला चढ आहे, खालून बघितला तरी चालते.

दुसऱ्या दिवशी देवीन, पुलाखालून २९ नंबरची बस, वीसेक मिनिटं. मोरावा डॅन्यूबला मिळते तिथल्या कड्यावर पडका किल्ला, नेपोलियनच्या सैन्यानं १८०९ मध्ये उडवलेला. मोरावाच्या पलीकडे ऑस्ट्रिया. १९८९ पर्यंत, कम्युनिस्ट राजवटीत, लोकांनी पलीकडे जाऊ नये म्हणून इथं काटेरी तारा होत्या, पळून जाताना मेलेल्यांचं स्मारक नदीकाठीच आहे. वर चढवत नसेल तर काठावरचा संगमही पुरे, तिथं मी तासभर नुसती बसून होते.

जेवणाचं सांगते: हालुश्की म्हणजे बटाट्याच्या छोट्या गोळ्यांवर मेंढीच्या दुधाचं चीज, पण वर डुकराच्या मांसाचे तुकडे टाकतात, म्हणून ऑर्डर देतानाच "बेझ स्लानिनी" म्हणायचं, म्हणजे त्याच्याशिवाय. तळलेलं चीजही सगळीकडे मिळते. आणि खसखशीचं सारण भरलेले रोझ्की नक्की खा, तिथली खासियत आहे.

ऑस्ट्रियाचा शेंगेन व्हिसा चालतो, वेगळा नको, पण पासपोर्ट जवळच ठेवा. तिकीट काढताना स्टेशन बघून घ्या, पेत्रझाल्का स्टेशन जुन्या शहरापासून नदीपलीकडे आहे, मुख्य स्टेशन जुन्या शहराच्याच बाजूला.