वाऱ्याचा आकडा वाचताना
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे)

प्रश्न (रावेर) : अरबी समुद्रात चक्रीवादळ आले की आपले हवामान खाते एक वेग सांगते आणि अमेरिकी संस्था त्याहून जास्त. खरा कोणता धरायचा?

दोन्ही खरे असू शकतात, कारण माप वेगळे आहे. वारा क्षणाक्षणाला चढतो-उतरतो, म्हणून ठरावीक वेळेची सरासरी घेतात. भारतीय हवामान विभाग 3 मिनिटांची घेतो, अमेरिका 1 मिनिटाची, आणि जागतिक हवामान संघटनेचे प्रमाण 10 मिनिटांचे आहे. वेळ जितका लांब, तितका आकडा खाली येतो. खुल्या समुद्रावर 1 मिनिटाच्या सरासरीने 100 नॉट (1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर) भरणारा वारा 10 मिनिटांच्या सरासरीने साधारण 93 नॉट भरतो. आपला आकडा या दोहोंच्या मध्ये पडतो.

याहून मोठा फरक दुसरीकडून येतो. भर समुद्रात वादळाच्या पोटात वायुवेगमापक नसतो. उपग्रहाच्या चित्रात ढगांची गुंडाळी आणि डोळा पाहून ड्वोरॅक पद्धतीने वादळाला 1 ते 8 मधला 'टी' क्रमांक देतात. टी 5 म्हणजे 90 नॉट, टी 5.5 म्हणजे 102 नॉट. दोन तज्ज्ञांत अर्ध्या अंकाचा मतभेद झाला, तर ताशी 22 किलोमीटरचा फरक पडला!

नावांची गल्लतही टाळा. आपल्याकडे ताशी 62 किलोमीटरपासून चक्रीवादळ, 89 पासून तीव्र, 118 पासून अतितीव्र, 167 पासून अत्यंत तीव्र आणि 222 पासून महाचक्रीवादळ. अमेरिकेतले 'हरिकेन' 119 पासून सुरू होते, म्हणजे ते आपल्या अतितीव्र पायरीशी जुळते. त्यांची पाचवी श्रेणी 252 पासून पुढे. बातमीतला 'झोत' तर आणखी वेगळा, तो अवघ्या काही सेकंदांचा. 17 मे 2021 ला 'तौक्ते' गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा वेग 160 ते 170 होता आणि झोत 185 चे. तुलना करताना झोताशी झोत आणि सरासरीशी सरासरीच लावावी.

प्रश्न (धुळे) : कोणते वर्ष जास्त वादळी, हे वादळांची संख्या मोजून ठरवता येते का?

नुसत्या संख्येने फसगत होते. अटलांटिकमध्ये 2020 साली 30 वादळांना नावे मिळाली, तो विक्रम आहे. 2005 मध्ये 28 होती. तरी 2005 चा हंगाम जास्त जोराचा मानतात, कारण 2020 ची बरीच वादळे अल्पजीवी होती. हा फरक 'संचित चक्रीवादळ ऊर्जा' या निर्देशांकात दिसतो : 2005 चा सुमारे 245, 2020 चा सुमारे 180.

हिशेब वहीवर करता येतो. दर 6 तासांची नोंद घ्या (आपल्या घड्याळाने 5.30 आणि 11.30, सकाळ-संध्याकाळ-रात्र धरून दिवसाला चार). वेग नॉटमध्ये हवा. 34 नॉटच्या खालच्या नोंदी सोडा. उरलेल्या प्रत्येकीचा वर्ग करा, बेरीज घ्या, 10,000 ने भागा. समजा नोंदी 40, 50, 60, 60, 50, 35 आहेत. वर्गांची बेरीज 15,025, निर्देशांक 1.5. हंगामातल्या सगळ्या वादळांचे असे आकडे मिळवले की हंगामाचा आकडा.

वर्गामुळे काय होते बघा. 120 नॉटचे वादळ एकाच दिवसात 5.76 देते. 35 नॉटच्या वादळाला तेवढ्यासाठी जवळजवळ 12 दिवस टिकावे लागेल.

नेहमीची चूक म्हणजे किलोमीटरचे आकडे तसेच घालणे, मग उत्तर 3.43 पट फुगते. दुसरी, एका वर्षाला आपल्या खात्याची नोंद आणि दुसऱ्याला अमेरिकेची वापरणे. आणि उपग्रह येण्याआधीच्या हंगामांशी तुलना जपूनच करावी. जहाजांच्या वाटेत न आलेली वादळे तेव्हा नोंदलीच गेली नाहीत.

प्रश्न (चोपडा) : महाचक्रीवादळ असूनही नुकसान कमी, असे कसे?

श्रेणी फक्त वाऱ्याची असते. पाऊस, समुद्राची भरती, वादळाचा विस्तार आणि ते कुठे जाते, हे तिच्यात नाही. 2019 चे 'क्यार' महाचक्रीवादळ होते, पण आपल्या किनाऱ्यावर आलेच नाही. उलट 2005 चे 'कॅटरिना' किनाऱ्याला लागले तेव्हा तिसऱ्या श्रेणीचे होते. तिथे घात केला तो पाण्याने.

प्रश्न (यावल) : मे-जूनच्या वावधानात निसवलेली (घड बाहेर पडलेली) केळीची बाग आडवी झाली, पण हवामान केंद्रावर वेग कमीच दिसतो. का?

ते चक्रीवादळ नव्हे. मेघगर्जनेच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर पसरते. पट्टा लहान, वेळ काही मिनिटांचा, म्हणून दोन गावे सोडून असलेल्या केंद्राला तो झोत लागतच नाही. शिवाय यंत्राची उंची बघा. वाऱ्याचे प्रमाण माप 10 मीटर उंचीचे आहे. तिथे 40 असेल तर 2 मीटरवर साधारण 30 भरतो. तासाची सरासरी नोंदली असेल तर झोत तिच्यात बुडून जातो. केंद्राचा आकडा मागताना यंत्राची उंची आणि सरासरीची वेळ लेखी मागा.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो : 40 चा 60 झाला तर दाब सव्वादोन पट. केळीचे खोड लाकूड नसून पानांच्या देठांची गुंडाळी आहे, आणि वर घडाचे ओझे. पंचनाम्याआधी झाडे कोणत्या दिशेला पडली त्याचे फोटो घ्या. सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी पसरून पडली असतील तर कोसळत्या हवेचा झोत. खोड मध्येच मोडले की मुळासकट उपटले, हेही लिहा. उपटलेल्या बागेत बहुधा जमीन ओली असते, त्यामुळे आदल्या पाण्याची तारीख जोडा.