तक्रार केली आणि नाव फुटलं तर?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, झोप लागत नाही. गोळी द्या." पुण्याच्या एका उपनगरातून आलेल्या ताई. मी समुपदेशक; गोळ्या देणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. मी विचारलं, जाग कधी येते?

"साडेअकराला. स्कूटरचा आवाज आला की."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे वर्षभरापासून पोरांचा अड्डा. स्कूटरवाला येतो, पुड्या हातोहात जातात. आधी गांजा होता, आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर. जिन्यात थोटकं, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना टोमणे. कुणी हटकलं की सकाळी त्याच्या गाडीच्या सीटवर ब्लेड फिरवलेलं. शेजारच्या काकांनी चौकीत जाऊन सांगितलं, तर संध्याकाळी पोरांनीच विचारलं, "काय काका, चौकीतला चहा बरा होता का?"

अशा वेळी "घाबरू नका" म्हणणं मला खोटं वाटतं. भीती खरी होती, काकांचा अनुभव डोळ्यांसमोर होता. कायदा कागदावर ताईंच्या बाजूचा आहे: 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 68 सांगतं की खबर कुणाकडून मिळाली, हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. पण नाव कोर्टात कुठे फुटतं? ते चौकीच्या बाकड्यावर फुटतं. म्हणून चौकीत जाऊच नका, असं मी सांगितलं. 1933 हा 'मानस' या केंद्र सरकारच्या हेल्पलाइनचा टोल-फ्री क्रमांक, तिथे अमली पदार्थांची खबर नाव न सांगताही देता येते.

आणि काय सांगायचं, हेही ठरवलं. "पोरं बसतात" एवढ्यावर पोलिसांना फारसं काही करता येत नाही. माल हाती लागावा लागतो, आणि अंगझडतीचे नियम कडक आहेत. ते चुकले की खटला कोर्टात टिकणं कठीण होतं. वार, वेळ, स्कूटर कुठून शिरते, पुड्या कुठे दडवतात, हे उपयोगाचं. फोटो काढायला मात्र खिडकीत उभं राहायचं नाही. ताई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी टिंबं द्यायला लागल्या.

तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "टिंबं महिनाभराची झालीत, पण फोन लावला नाही."

का?

बराच वेळ पदराशी चाळा. "आमचा पण बसतो तिथं. पोलीस आले तर आधी तोच आत जाईल."

दोन भेटी मी पोलिसांबद्दल बोलत राहिले होते आणि गाठ इथे होती. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. मुलगा 19 वर्षांचा. विकत नव्हता, ओढत होता. सेवन हाही गुन्हा आहे, ते मी लपवलं नाही. पण त्याच कायद्याचं कलम 64-अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकतं. तेव्हा आधी मुलगा, मग फोन, असा क्रम लावला.

मुलाला आणायला पाच आठवडे गेले. एकदा त्याने विचारलंही, "आई, ही टिंबं कसली?" "दुधाची." शेवटी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर निघाला, आणि त्याच आठवड्यात ताईंनी 1933 लावला.

पहिल्यांदा गस्त आली तेव्हा अड्डा फक्त मागच्या गल्लीत सरकला. असं हमखास होतं, आणि लोक तिथेच हात टेकतात. ताईंनी पुन्हा फोन केला. सोसायटीने टाकीमागे दिवा लावला, गच्चीला कुलूप घातलं. दोन महिन्यांनी स्कूटरवाला मालासकट सापडला.

आता स्कूटर येत नाही. ताईंना साडेअकराला जाग मात्र अजून येते. उठतात, मुलाच्या अंथरुणाकडे बघतात, पाणी पिऊन परत आडव्या होतात.